तीनशे मिलिअँपिअर

तिसऱ्या टेबलावरचा दिवा महिनाभर डोळे मिचकावत होता.
पोरं म्हणायची, काकू, हा तुमच्या आमटीला भुललाय.
मी म्हणायची, जेवा गुपचूप.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने विचारलं, किती वॅटचा?
बारा, मी म्हटलं. दिव्याच्या खोक्यावर बाराच होते.
त्याने ड्रायव्हर दिला, बाराचाच.
रामबागेत एकवीस वर्षं खाणावळ चालवते मी,
वाटीला वाटी, किलोला किलो.
बाराला बारा म्हटल्यावर
शंका कुठून येणार?

नऊ दिवस तो दिवा लग्नघरासारखा झगमगला.
आमटीतली मोहरी मोजता यायची.
दहाव्या दिवशी करपल्याचा वास आला
आणि मी आधी स्वयंपाकघरात धावले.

मग जेवणाच्या डब्यात, वरच्या पुडात जुना ड्रायव्हर,
खालच्यात फडक्यात गुंडाळलेली दिव्याची तबकडी,
अशी महाराणी रोडला गेले.
ताहेरभाईंनी वॅट विचारले नाहीत.
पुसट लेबल उन्हाकडे तिरपं धरलं, भिंग लावलं,
आणि वैद्याने नाडीवरून सांगावं तसं म्हणाले,
"तीन सौ मिलिअँपिअर.
आणि नवा? साढ़े चार सौ.
बहनजी, वॅट तो बोलने की चीज़ है."

पेन्सिलीच्या टोकाने तबकडीवरचे पिवळे दाणे मोजले.
बारा. दाण्यामागे तीन व्होल्ट, छत्तीस झाले.
छत्तीस ऐकून मला आमचे जोशीबुवा आठवले.
पण इथे हट्ट नव्हता छत्तीसचा,
जुन्यावर चोवीस ते बेचाळीस लिहिलेलं,
मध्ये कुठेही बसलं की झालं.
करंट मात्र तोच हवा, एक घोट इकडे तिकडे नाही.
एक दाणा काळा पडला होता.
त्यांनी मीटरच्या सुया टेकवल्या, थांबले.
"एक गया. लेकिन रास्ता देकर गया."

छताचं भोक केवढं, विचारलं.
मला इंच सांगता येईनात.
हातातली बांगडी उतरवून काउंटरवर ठेवली,
म्हटलं, याच्याहून जरासं मोठं.
त्यांनी एक ड्रायव्हर बांगडीतून घालून पाहिला, अडकला.
दुसरा अडकला.
तिसरा सुळकन आरपार गेला,
आणि शेजारचा चहावाला पोऱ्या उगाच टाळी वाजवून गेला.

"वो साढ़े चार सौ वाला किसने लगाया था?"
मिस्तरीने, मी म्हटलं.
घासाघीस न करता एकशे ऐंशी रुपये दिले.
इंदुरात असं कुणी करत नाही.
त्यांनी माझ्याकडे बघितलं, पैसे मोजले नाहीत.

दुपारी पोरं क्लासला गेल्यावर
मेन स्विच पाडला, स्टुलावर चढले.
लालला लाल, काळीला काळी,
पिन खट्‌ बसली.
मग खाली उतरून, दोनदा हात पुसून, बटण दाबलं.
लागला. जेवढा लागायला हवा तेवढाच.
अकरा दाणे.
अकरा त्रिक तेहतीस, तेही बसतात चोवीस-बेचाळिसात.
व्होल्टेज आपलं आपण उतरलं असेल,
करंट तीनशेवरच,
उरलेल्यांना कळलंसुद्धा नसेल.
मला कळत होतं.
झाकण बसवलं तरी डावीकडे
नखाएवढी सावली राहिली.

रात्री रतलामचा पोरगा, मेघराज, वर बघत म्हणाला,
काकू, इकडे थोडं कमी आहे का उजेड?
मिस्तरीने वाट लावली, असं अगदी ओठावर आलं होतं.
"माझ्या हातून एक जळला," म्हटलं,
आणि पोळी वाढायला वाकले.
त्याने ताट चार बोटं उजवीकडे ओढलं
आणि म्हणाला,
तूप?